पिशवीतला माउस

"ताई, तुमचा माउस ड्रॉवरमध्ये आहे."

मॅडमनी हे गोड आवाजात सांगितलं. मी ड्रॉवर उघडला. आत झिपची प्लास्टिकची पिशवी. पिशवीत काळा माउस, वायर नीट गुंडाळून रबर लावलेला. टेबलावर कॉम्प्युटर एकच. त्याला पांढरा माउस आधीपासून जोडलेला होता. मॅडमनी तो काढला, आपल्या बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हा खास तुमच्यासाठी मागवला. वेगळा असलेला बरा. दोघींच्या सोयीचं."

मी थँक्यू म्हणाले. हे मला लिहून ठेवायलाच हवं. अपमान झाला आणि मी थँक्यू म्हणाले.

ही शहराच्या सावेडी उपनगरातली गोष्ट आहे. एका शिक्षणसंस्थेचं मुख्य कार्यालय. संस्थेच्या जिल्हाभर शाळा, घोडेगावपासून राजूरपर्यंत. सगळ्या शाळांचे कागद ज्यात येतात तो कॉम्प्युटर एक. त्यावर तिघं बसायचो. मॅडम, म्हणजे आमच्या कार्यालयप्रमुख. दुसरे क्लार्कभाऊ. तिसरी मी, कंत्राटी. माझी मुदत दरवर्षी वाढवून मिळायची आणि ती वाढवा अशी शिफारस मॅडमच्या सहीनं जायची. क्लार्कभाऊ मॅडमचाच पांढरा माउस वापरायचे. काळा फक्त माझा.

सुरुवात कोरोनात झाली. तेव्हा सगळेच सगळं पुसत होते. दाराची कडी, पेन, कीबोर्ड. कोणी कोणाला नावं ठेवत नव्हतं, मीही पुसायचे. मग कोरोना गेला. टेबलांवरच्या बाटल्या सुकल्या. मॅडमची छोटी बाटली मात्र राहिली. क्लार्कभाऊ उठले की ती पर्समध्ये असायची. मी उठले की बाहेर यायची. कापसाच्या बोळ्यानं माउस पुसायच्या, वरून, खालून, चाकाच्या फटीतून. मी तिथंच उभी. मी एकदा हसत म्हणाले, मॅडम, अजून कोरोना आहे का? त्या म्हणाल्या, सवय हो ताई, जाता जात नाही. मग पुसायचा कंटाळा आला असेल. पिशवी आली.

मी कोण हे त्यांना कसं कळलं? मी रुजू झाले त्या दिवशी डबा खाताना त्यांनी विचारलं होतं. गाव कोणतं? सांगितलं. तालुका? पाथर्डी. गावात कुठल्या बाजूला? तुमचं आडनाव तर त्यांच्यातही असतं ना? शेती किती? घरी कुणाचा फोटो? एकातून दुसरं उघडत, दुसऱ्यातून तिसरं, असं करत त्या शेवटच्या खणापर्यंत आल्या. तिथं आम्ही होतो. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडं. बौद्ध. गाव अजून जुन्याच नावानं ओळखतं. मॅडमनी "हो का" म्हटलं आणि चटणीची डबी झाकली.

ऑफिसात थट्टा व्हायची. क्लार्कभाऊ म्हणायचे, "ताईंनी उंदीर पाळलाय. पिशवीत झोपतो." सगळे हसायचे. मीही हसायचे. थट्टेत एक सोय असते, ज्याच्यावर होते त्यालाही हसावं लागतं. सकाळी पिशवीची झिप उघडायची, माउस जोडायचा, काम करायचं, काढायचा, गुंडाळायचा, पिशवीत. माझा स्वभाव नीटनेटका. दूध, गॅस, औषधं, मुलांच्या फिया, सगळ्याच्या याद्या करणारी मी. वायर कधी वेडीवाकडी गुंडाळली नाही. आता वाटतं, निदान ती तरी विस्कटून टाकायची होती.

पण रोज ती पिशवी उघडणं मला नकोसं झालं. एक दिवस मी ठरवलं, माउसच नको. माउसशिवाय काम होतं हे मला ठाऊक होतं, पण अर्धवट. एक जुनं पुस्तक होतं कॉम्प्युटरच्या कोर्सचं, ते काढलं. जेवणाच्या सुट्टीत एकेक बटण शिकले. विंडोजचं बटण आणि ई दाबलं की फोल्डरांची खिडकी उघडते. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं भराभर टाइप केली की नेमक्या फोल्डरवर जाता येतं, यादी खाली-वर फिरवत बसायचं कारण नाही. एंटर दाबलं की आत. ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की एक पायरी वर. ऑल्ट आणि डावा बाण, की जिथून आलो तिथं परत. वरच्या पट्टीत जायला ऑल्ट आणि डी, तिथं पूर्ण पत्ता टाकला की मधली दारं उघडावीच लागत नाहीत. नवं फोल्डर कंट्रोल, शिफ्ट आणि एन. नाव बदलायला एफ टू.

मग मी फोल्डरंच नीट लावायला घेतली. आधी सगळा गोंधळ होता. "नवीन फोल्डर", "नवीन फोल्डर दोन", "मॅडम अर्जंट", "मॅडम अर्जंट फायनल", "हे उघडू नये". मी शाळांना क्रमांक दिले, एक आकडी क्रमांकाच्या आधी शून्य टाकलं म्हणजे ओळ चुकत नाही. शाळेच्या आत वर्ष, वर्षाच्या आत विषय. तिसऱ्या पायरीच्या खाली जायचं नाही असा नियम केला, कारण त्याखाली गेलेलं कुणाला सापडत नाही. फाइलीच्या नावात आधी तारीख, वर्ष सुरुवातीला ठेवून, मग शाळा, मग काम. घोडेगावचा पगारपत्रकाचा कागद मागितला की मी बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत उघडायचे. माझी बोटं कीबोर्डवर, नजर पडद्यावर. काळा माउस पिशवीत. पांढरा मॅडमच्या बाजूला. मला दोन्हीची गरज नाही.

संस्थेचे सचिव, त्यांना सगळे सर म्हणतात, एकदा मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, "वा. माउसला हातसुद्धा लावत नाहीत."

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मला वाटलं मी वाट काढली. त्या पिशवीला वळसा घालून मी पुढं निघून गेले, आणि आता मागं बघायचं कारण नाही. घरी जाताना मी स्कूटरवर गुणगुणत होते.

तेव्हा आई माझ्याकडं राहायला आली होती. आईबाप दोघं आयुष्यभर ऊसतोडीला गेले. दिवाळी झाली की कोयते बांधायचे, पाऊस तोंडावर आला की परत. वडील आधीच गेले. आईचे गुडघे संपले होते म्हणून मी तिला सावेडीत आणलं. दुसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली. जिन्याला लोखंडी कठडा. आई तो धरायची नाही. भिंतीलाही हात लावायची नाही. दोन्ही हात पोटाशी घेऊन एकेक पायरी चढायची. मी म्हणायचे, आई, धर की. ती म्हणायची, "कशाला लोकाच्या वस्तूला हात लावायचा? आपलं पाय हायेत की." मी चिडायचे. लोकाची कशी, भाडं देतो आपण. ती हसायची. "तुला न्हाई कळायचं. हात आवरून ऱ्हायलं की कुनी बोलत न्हाई."

ती जिन्यावरून पडली. फरशी ओली होती. मी ऑफिसात होते. खालच्या काकूंनी फोन केला. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. अंथरुणातच गेली. काकू भेटायला आल्या तेव्हा सांगत होत्या, मी दार उघडून बघत होते हो, तोल गेला तेव्हा कठडा हाताशीच होता, पण त्यांनी धरलाच नाही.

मी कामावर परत गेले. याद्या केल्या. तिची भांडी कुणाला द्यायची, लुगडी कुणाला. काम हातात असलं की मला चालता येतं.

त्यानंतर काही महिन्यांनी ती सकाळ आली. मी थोडी लवकर पोचले होते. ऑफिसात फक्त शिपाईमामा. नेवासा तालुक्यातले, घरची थोडी शेती असलेले, पोटात पाप नसलेले गृहस्थ. ते टेबलापाशी वाकून कीबोर्डवर पातळ, पारदर्शक कव्हर चढवत होते. मी ते कव्हर रोज बघत होते. त्यावरूनच टाइप करत होते. मला वाटायचं, धुळीसाठी आहे. काम झालं की मी उठून फायलींच्या खोलीत जायचे, मागं काय होतं ते दिसायचं नाही.

मामा म्हणाले, "थांबा ताई, कव्हर घालायचं ऱ्हायलं बगा. मग बसा."

मी विचारलं, रोज काढता का?

"व्हय. तुमी उठला की काढायचं, धुवायचं. तुमी बसायच्या आदी घालायचं. मॅडमनी सांगितलंय."

बाकीचे बसतात तेव्हा?

मामा थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्यांनाही हा प्रश्न आज पहिल्यांदा पडला. किंवा पडला होता आणि त्यांनी तो बाजूला ठेवला होता. हातातलं कव्हर त्यांनी सरळ केलं.

"मला काय म्हाईत ताई. सांगितलं तसं करतो."

मी खुर्चीवर बसले. विंडोज आणि ई दाबलं. खिडकी उघडली. बोटांखाली ते प्लास्टिक. रोज होतं तेच. आज पहिल्यांदा ते बोटांना कळलं. माझी एवढी मेहनत, एवढा वेग, ते सगळं एका पिशवीला चुकवायला होतं, आणि माझी बोटं फिरत होती दुसऱ्या पिशवीवर.

तिथं बसल्याबसल्या मला चौथीतला वर्ग आठवला. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. गुरुजींच्या हातात तुरकाठी. एकेकाला पुढं बोलवायचे, काठी द्यायचे, नद्या दाखव म्हणायचे. पोरं काठी नकाशावर टेकवायची, चुकली की गुरुजी त्याच काठीनं पोटरीवर द्यायचे. मी हात वर केला. मला मारही चालला असता. काठी धरायची होती. गुरुजी म्हणाले, "तू जागेवरूनच सांग." मी मागं, दाराशी बसायचे. तिथून सांगितलं. गुरुजी, डावीकडं घाटाची काळी रेघ आहे ना, तिच्या वरच्या अंगाला नाशिक लिहिलंय, तिथून निळी रेघ निघते, आपल्या जिल्ह्याच्या वरच्या कडेनं जाते, पैठणपाशी खाली वळते. मी सांगायचे आणि गुरुजी काठी फिरवायचे. काठी बरोबर गोदावरीवरून गेली. गुरुजी खूश झाले. सगळ्या वर्गाला म्हणाले, "बघा रे. हात न लावता दाखवते."

मी घरी पळत गेले होते. आई तोडीचा हंगाम संपवून परत आलेली होती. तिनं मला गुळाचा खडा दिला. आम्ही दोघी किती आनंदात होतो.

आणि सर म्हणाले होते, हातसुद्धा लावत नाहीत. मी गुणगुणत घरी गेले होते. वय चाळिशीच्या पुढं आणि मी अजून दाराशी बसून नकाशा सांगत होते. आई कठडा न धरता जिना चढली, मी माउस न धरता फोल्डरं उघडली. तिला लोकांनी शाबासकी दिली नाही, मला दिली. फरक तेवढाच.

त्या दिवशी मी नेहमीसारखं काम उरकलं. माझी मुदत संपत आली होती आणि या वेळी मुदतवाढ नाही, कायम करायचा प्रस्ताव जाणार असं सर म्हणाले होते. शिफारस मॅडमची. माझी दोन मुलं शिकतात. मी आठवडाभर मनात हिशोब मांडत राहिले. प्रत्येक वेळी उत्तर एकच येत होतं, गप्प बस.

मग सरांनी ठरवलं की सगळ्या शाळांच्या लिपिकांना एक दिवस बोलवायचं आणि ताईंनी त्यांना फोल्डरांची पद्धत शिकवायची. सभागृहात पडदा लावला. राजूरहून, घोडेगावहून, शेवगावकडून लोक आले. मॅडम पहिल्या रांगेत. सर दोन शब्द बोलले आणि तेही पहिल्या रांगेत बसले. कॉम्प्युटर सभागृहात आणून ठेवला होता. मी टेबलापाशी गेले. कीबोर्डवर कव्हर. शेजारी पिशवी. पांढरा माउस काढून मागच्या खिडकीत ठेवलेला.

एवढी तयारी कुणीतरी आठवणीनं केली होती. फुलं ठेवतात तशी.

मी कव्हर काढलं. घडी घातली. पिशवी उघडून काळ्या माउसवर ठेवलं, झिप लावली. खिडकीपाशी गेले, पांढरा माउस घेतला, जोडला. सभागृहात कुजबूज नव्हती, कुणाला काही कळलं नव्हतं. कळलं फक्त मॅडमना. त्या बसल्या जागेवरून, हसत म्हणाल्या, "ताई, तुम्हाला तर माउस लागतच नाही ना."

मी म्हणाले, "लागतो."

मी टेबलाची कड धरली. मग पिशवी वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि सांगितलं. "हा माझा माउस. या ऑफिसात एका कॉम्प्युटरला दोन माउस आहेत. एक सगळ्यांचा आणि एक माझा. माझ्यासाठी कीबोर्डवर कव्हर घालतात आणि मी उठले की धुतात. आजार म्हणून सुरू झालं. आजार गेला. मी कुठल्या जातीची आहे हे मॅडमना पहिल्या दिवशी कळलं होतं. आता तुम्हालाही कळलं. आता शिकायला सुरुवात करू."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी उठून उभं राहिलं नाही. बहुतेकांनी खाली वहीत बघितलं. क्लार्कभाऊ मोबाईल बघत होते. सर काहीतरी बोलायला उठले आणि परत बसले. शिपाईमामा दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते, त्यांनी ट्रे खाली ठेवला नाही आणि पुढंही आणला नाही.

मी शिकवलं. माउसनं. एकेका फोल्डरवर बाण नेला, दोनदा दाबलं, उघडलं. परत मागं आले, दुसरं उघडलं. मला माउसची सवय मोडली होती, बाण इकडंतिकडं जायचा, एकदा चुकीचं फोल्डर उघडलं. उघडू दे. मला त्या दिवशी वेग नको होता. तळहाताखाली ती वस्तू हवी होती, जी सगळ्यांच्या तळहाताखाली असते. गुळगुळीत झालेली होती. मधलं चाक थोडं अडकत होतं. एवढंच होतं त्यात. एवढ्या गोष्टीसाठी मला इतकी वर्षं लांबून नेलं होतं.

शेवटी बटणंही शिकवली. ती चांगलीच आहेत, वेळ वाचतो. पण मी एक सांगितलं. ज्याला घाई आहे त्यानं ती वापरावीत. हात लावू देत नाहीत म्हणून कुणी ती शिकू नयेत.

संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलवलं. म्हणाले, तुम्ही गैरसमज करून घेतलात, त्यांना स्वच्छतेची फार सवय आहे, आणि चार लोकांसमोर असं बोलायचं का, मला एकटं येऊन सांगायचं. मी विचारलं, पिशवी चार लोकांसमोर नव्हती का? ते म्हणाले, तुमच्याच भल्याचं बोलतोय मी. मी उठले.

कायम करायचा प्रस्ताव गेला नाही. मुदत तेवढी वाढली, ती पण अर्धीच, कारण शाळांना कागद हवे असतात आणि ते कुठं आहेत ते मला माहीत आहे. मॅडम आता स्वतःचा लॅपटॉप आणतात. त्या टेबलावर बसत नाहीत. क्लार्कभाऊ बसतात, पण माझ्याशी बोलत नाहीत, थट्टाही करत नाहीत. डबा मी एकटी खाते. पांढरा माउस टेबलावर आहे. म्हणजे मला हवा होता तो माउस मिळाला आणि त्याच्या भोवतीची माणसं उठून गेली. कुणी म्हणेल, काय मिळवलंस?

मी कुणाला उत्तर द्यायला बांधील नाही. पण माझ्या मनाला सांगते. पुढची मुदत मिळणार नाही, हे धरून चालले आहे. दुसरीकडं अर्ज केले आहेत. जिथं जाईन तिथं पहिल्या दिवशी टेबलावरचा माउस धरीन, तिथल्या माठातलं पाणी माझ्या हातानं घेईन. कुणी कापूस काढला तर त्याच क्षणी, तिथंच विचारीन, सगळ्यांसमोर. लेखी तक्रार कशी आणि कुठं करायची तेही मी शिकून घेतलं आहे. आता थँक्यू म्हणणार नाही. हसणार नाही. माझ्या पोरांना मी सांगितलं आहे, तुम्हाला कुणी म्हणालं जागेवरून सांग, तर सांगू नका. पुढं जा. काठी मागा.

काळा माउस मी घरी आणला आहे. पिशवीसकट. दारामागच्या खिळ्याला लावला आहे, रोज निघताना दिसतो.

मग मी कुलूप लावते आणि जिना उतरते. माझे गुडघे अजून धड आहेत. तरी कठडा धरते. वरून खालपर्यंत, एकही पायरी न सोडता, पूर्ण पंजानं धरते.